आक्काच्या डब्यांवरच्या चिंध्या

आता म्या जे सांगनार हाय त्यातल्या एका शब्दावर तरी इस्वास ठिवून दावा. न्हाई जमायचं तुमाला. जमलंच, तर पुढच्या खेपेला कोंबडं कापते. माझं न्हवं, आक्काचं.

बसा हितं पडवीत. ST ला लई येळ हाय अजून. आन् आली तरी डायव्हर खाली उतरून तंबाकू मळल्याबिगर गाडी माघारी फिरवत न्हाई. तवर आक्का चहा टाकतीया, शेजारच्या घरात. आक्का म्हंजी माझी थोरली जाऊ, शेवंता. म्या धाकली, हौसा. दोगींची घरं एका भिंतीची. दोगींचे नवरे गेले, आता भिंत आन् आमी तेवढ्या उभ्या हावोत.

तर काय हुतं, म्हाताऱ्या मानसाचं आपरेशन झालं की हाड जुळतं, टाकं सुकत्यात, बिलाचं पोरं बगत्यात. मागं ऱ्हात्यात ते किस्से. माळ्यावर फुटकी मडकी साठावी तसं साठत्यात. टाकवतबी न्हाईत, आन् ठिवायला जागाबी न्हाई. म्हून जो कुनी ST ची वाट बगत बसतो, त्याच्या पदरात म्या एकेक टाकून देते.

\*\*\*

आक्का शेळ्यांच्या गोठ्यात पाय घसरून पडली. खुबा मोडला. तिचा ल्योक संपत पुन्यात कंपनीत हाय, तो गाडी घिऊन आला आन् तिला पुन्याच्या एका मोठ्या हास्पिटलात नेलं. संगं म्या. संपत म्हनला, काकी, तू कशाला? म्या म्हनलं, तिला शिव्या द्यायच्या झाल्या तर कुनाला दील?

आपरेशन झाल्याव म्हाताऱ्यांना पयल्यांदा एकाच मोठ्या खोलीत ठेवत्यात, मधी पडदं लावून. आक्काच्या पडद्यापल्याड भोरचं दस्तगीरचाचा हुतं. बाजारपेठेत त्यांचं टेलरिंगचं दुकान. त्यांचं हर्नियाचं आपरेशन झालेलं. मानूस सभ्य, बोलनं गोड. पर भूल उतरली आन् चाचांचं डोकं कुठंतरी वाटंतच ऱ्हायलं.

सकाळी मोठं डाक्टर बगायला आलं. चाचा उठून बसलं, उशाची पट्टी बांधायची गुंडाळी घेतली आन् मापाच्या टेपवानी मोठ्या डाक्टरच्या पाठीला लावली. ह्या खांद्यापासनं त्या खांद्यापतुर. मंग बाही. मंग गळा. मोठं डाक्टर भला मानूस, हात वर कर म्हनलं की करत हुतं.

चाचा म्हनलं, "सायेब, डावा खांदा उतरलाय. प्याड घालावं लागंल."

"घाला. कधी मिळेल?"

"दिवाळीच्या आत न्हाई व्हायचं. आदीच सांगतो."

आन् त्या वक्ताला शिमगाबी झाला नव्हता! नर्सबाई घाबरली, म्हनली ह्यांना महिना बी कळंना झालाय. तवा चाचांची सून म्हनली, "न्हाई ओ सिस्टर. हे चांगलं असल्यावरबी हेच सांगत्यात."

आता ह्याला भरम म्हनायचं का धंदा? मोठ्या डाक्टरनी मागनं खरंच कापड धाडलं. दिवाळी झाली. कापड अजून तसंच हाय.

\*\*\*

चाचांचं बगून म्या हासले. मंग आमच्यावर पाळी आली.

आक्का जागी झाली ती सगळीकडं बगाय लागली. खाटंला खाट लागलेली, परतेकाच्या उशाला नळी टांगलेली. नर्सला म्हनली, त्या कोपऱ्यातल्या करडाला पाला टाकला न्हाईस, ते कवाधरनं वरडतंय. कोपऱ्यात एक रिटायर मास्तर कन्हत हुतं. नर्स शहानी, म्हनली टाकते आजी. मास्तरनी आक्काकडं असं बगितलं, की जनू जल्मात त्यांना कुनी करडू म्हनलं नव्हतं.

इथवर म्या हासतच हुते. मंग संपत आला.

संपत दारातनं आत येतोय न् येतोय, तवर आक्कानं डोक्याव पदर घेतला, तोंड भितीकडं फिरवलं आन् बारीक आवाजात म्हनली, "मामंजी, ताट झाकून ठिवलंय."

संपत पार आज्यावर गेलाय, हे खरं. तेच नाक, तेच खाकरनं. पर ल्योक तो ल्योक. "आई, मी संपत," असं दोनदा म्हनला. ती पदर काय काढंना. तो भायेर गेला आन् लिफ्टच्या दाराकडं तोंड करून उभा ऱ्हायला. लिफ्ट वर गेली, खाली आली, हा आपला तसाच.

म्या जवळ गेले. म्हनलं, "सासरा झालास बाबा. आता घरात येताना खाकरून येत जा."

त्याला हासू आलं आन् रडूबी आलं. दोन्ही एकदम येताना मानसाचं तोंड कसं हुतं बगितलंय का? शेळीनं लिंबू खाल्ल्यावानी.

\*\*\*

तिथंच एक डाक्टरीनबाई आमाला भेटली. तरनी पोर, क्यास कापलेलं, पायात बूट. ती आपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांचं रगत घ्यायची, आन् मंग महिन्या-महिन्यानं त्यांच्या ध्यानात काय ऱ्हातं, काय न्हाई ते बगायची. संपतला म्हनली, वय झालेल्यांना आपरेशननंतर असा भ्रम होतो, बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. काहींना मात्र पुढं काही महिने विसरायला होतं. चष्मा द्या, झोप नीट होऊ द्या, ओळखीची माणसं जवळ ठेवा, गप्पा मारा.

म्या म्हनलं, गप्पांचं माझ्याकडं सोपवा.

मंग म्या इचारलं, डोकं इसरलं तर रगत का बगताय? रगताला काय ठावं? तर ती बसली की माझ्या शेजारी बाकावर. आमाला कुनी असं समजून सांगत न्हाई. ती म्हनली, "आजी, आपल्या अंगात आईबापाकडनं आलेलं एक लिखाण असतं. ते बदलत नाही. पण त्याच्यावर बारीक बारीक खुणा असतात. हे उघडायचं, ते बंद ठेवायचं. वयानं त्या खुणा हलतात. ऑपरेशनच्या धक्क्यानं आणखी हलतात का, आणि त्यामुळं विसरायला होतं का, ते आम्ही शोधतोय."

"सापडलं का?"

"अजून नक्की सांगता येत नाही."

म्या म्हनलं, कळलं. आक्काच्या डब्यांवानी. म्हनली, कसले डबे?

तर त्ये ऐका. आमच्या आक्काला वाचाया येत न्हाई. मला तिसरीपतुर येतं, त्याची मला घमेंड हाय. लगीन होऊन आली तवा तिनं फळीवरच्या डब्यांना चिंध्या बांधल्या. मिठाला लाल, साखरंला हिरवी. साखर तवा पाव्हन्यांपुरतीच. एकदा मामंजींकडं पाव्हनं आलं, आन् म्या गुपचूप चिंध्या बदलल्या. डब्यातलं हाय तसंच, चिंधी तेवढी हिकडची तिकडं!

आक्कानं चहा केला. पाव्हन्यांनी घोट घेतला, एकमेकांकडं बगितलं, आन् सगळा प्यालं. बोलनार कसं, पाव्हनं ना. मामंजीबी प्यालं, अब्रूचा सवाल. पर खरी गंमत फुडंच हाय. मामंजी त्यांच्या गावाला गेलं तवा त्या लोकांनी मुद्दाम मीठ घालून चहा दिला. म्हनलं, तुमच्याकडं असाच पित्यात, आमी ध्यानात ठिवलंय!

आक्काला कळलं कुनाचं काम ते. तिनं माझं नाव सांगितलं न्हाई. रागावली बी न्हाई. चिंध्या पुन्यांदा बांधल्या आन् म्हनली, "हौसे, ह्याची फेड हुईल. घाई न्हाई."

तवापासनं आजपतुर तिच्या घरचा चहा आदी बोट बुडवून चाखल्याबिगर म्या वठाला लावला न्हाई. सुना आल्या, नातवंडं झाली, दोगींच्या कवळ्या आल्या. पर बोट बुडवल्याबिगर न्हाई.

हे ऐकून डाक्टरीनबाई एवढी हासली की तिचं गळ्यातलं कार्ड बाकाच्या फटीत अडकलं. म्हनली, "आजी, अगदी हेच. डब्यातलं तेच, चिंधी हललेली."

"मंग पुन्यांदा बांधता येती का?"

तवा ती हासायची थांबली. म्हनली, "कधी कधी आपोआप बांधली जाते. वाट बघूया."

\*\*\*

आक्का घरी आली. खुबा सुधारला, काठी घिऊन चालाय लागली. मामंजी बी डोक्यातनं गेलं, संपतला संपत म्हनाय लागली. पर बाकी घोळ. भाकरी थापली का न्हाई ते इसरायची. एकदा चहात बेसन घातलं, एकदा ग्यास चालू ठिवून गोठ्यात जाऊन बसली.

ग्यासचं ऐकून संपतनं तिला गोठ्यात जायाची बंदी केली. तो काय वाईट न्हाई बरं का. पर पुन्यात बसून त्यानं किती काळजी करावी? त्यानं ठरवलं, दसऱ्यापतुर बगायचं. न्हाई सुधारली तर शेळ्या इकायच्या, घराला कुलूप, आन् आई पुन्याला फ्ल्याटवर. यापारी येऊन शेळ्यांच्या पाठी दाबून बी गेला.

म्या फ्ल्याट बगितलाय. खाली बगितलं की मानसं मुंगीवानी. शेजारच्याचं दार उघडलं तर तो आपलं बंद करतो. तिथं आक्का कुनाला शिव्या देनार? आन् म्या हितं कुनाच्या खोड्या काढनार, भिंतीच्या?

मंग म्या तिला आदीवानी छेडाय लागले. म्हनलं, चिडली तर डोकं जागं हुईल. एक दिस म्हनलं, आक्का, तुजी तांबडी शेळी तू मला दिली हुतीस, ध्यानात हाय का? आक्कानं इचार केला. आन् अंगनातल्या खुट्याचं दावं सोडून माझ्या हातात दिलं. म्हनली, "दिली असंल. ने."

जुनी आक्का असती तर काठी फेकून मारली असती. आता नुसती माझ्याकडं बगतीया, बराबर केलं न्हवं असं.

काय मजा न्हाई आली बगा. शेळी म्या सांजंला परत नेऊन बांधली. तिनं इचारलं न्हाई का आनली म्हून.

\*\*\*

त्या सुमाराला दस्तगीरचाचा आमच्याकडं आलं. नसरापुरास्नं ST बदलून, हातात शेवचिवड्याची पुडी घिऊन. एकदम ठनठनीत. म्या म्हनलं, चाचा, तुमचं डोकं कसं काय जाग्यावर आलं? चाचा म्हनलं, घरच्यांनी दुकान बंद ठिवलं हुतं, आराम करा म्हून. आराम करून करून आनखीच भरमिष्ट झालो. मंग एक दिस मशीनीवर जाऊन बसलो. डोकं म्हनत हुतं काय करायचं ठावं न्हाई, पायानं चालवाय सुरवात बी केली हुती.

मंग खालच्या आवाजात म्हनलं, "पयल्या झब्ब्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. पर गिऱ्हाईक चांगलं. म्हनलं, चाचा, दोन झब्बं शिवा, दुसऱ्याला दोन्ही उजव्या लावा, मी अदलून-बदलून घालतो."

म्या मनात म्हनलं, आक्काची मशीन म्हंजी गोठा. आन् तिथंच जायाची तिला बंदी! दुसऱ्या दिसापासनं तिला हाताला धरून गोठ्यात न्याय लागले. पयल्यांदा नुसती उभी ऱ्हायची. मंग पाला टाकाय लागली. मंग धार काढाय लागली. मंग एक दिस शेळ्यांना नावानं हाका माराय लागली.

तर आक्काच्या शेळ्यांची नावं. तिनं सगळी घरातल्यांचीच ठिवलेली. एक खादाड शेळी हाय, तिचं नाव हौसा. म्या काय बोलत न्हाई.

संपत रईवारी आला तवा दारात बूट काढत हुता. गोठ्यातनं आक्काची खनखनीत हाक आली, "संपत्या! आरं ये की हिकडं, सोन्या!"

असं आईनं किती महिन्यांत बोलावलं नव्हतं. संपत एक बूट पायात, एक हातात, तसाच पळत गेला. "आलो आई!"

आन् त्याच्या दोन्ही पायांच्या मधनं एक काळा बोकड उड्या मारत फुडं गेला आन् आक्काच्या पदरात तोंड घातलं.

आक्का बोकडाच्या पाठीवरनं हात फिरवत संपतकडं बगून म्हनली, "तू कवा आलास?"

\*\*\*

दसरा जवळ आला. डाक्टरीनबाईनं सांगावा धाडला, मी स्वतः घरी येऊन तपासते. संपतबी रजा काढून आला. म्हनला, डाक्टरांची परीक्षा डाक्टरांची, माझी माझी. आईनं एकटीनं, कुनी न सांगता चार कप चहा करायचा. ग्यास बंद झाला पायजे आन् चहा पिन्याजोगा झाला पायजे. झाला तर हितंच ऱ्हाईल. न्हाई झाला तर यापाऱ्याला फोन. मला येगळं बजावलं, काकी, आत जायाचं न्हाई.

डाक्टरीनबाई सतरंजीवर बसली, आक्काचा हात हातात घेतला. म्हनली, आजी, तीन वस्तू सांगते, ध्यानात ठेवा. विळी, आंबा, मीठ. थोड्या वेळानं विचारीन. मंग आज वार कोणता, गाव कोणतं असं इचारत बसली. आक्कानं दिली उत्तरं, एखाद-दुसरं अडखळली. संपतला ऐकवंना, तो रेंज बगतो म्हून आंब्याच्या झाडाखाली जाऊन उभा ऱ्हायला.

मंग डाक्टरीनबाईनं इचारलं, मालकांचं नाव काय?

आक्कानं पदर तोंडाला लावला. आमी बायका नवऱ्याचं नाव कुठं घेतो? लगनापासनं कवा घेतलं न्हाई. डाक्टरीनबाईबी हुशार, तिच्या लगेच ध्यानात आलं. म्हनली, तसं नका सांगू, उखाण्यात घ्या. आक्का म्हनली, आमची मानसं गेली, आता कसला उखाना? म्या म्हनलं, मानूस गेला म्हून नाव जातं व्हय? घे!

आक्कानं घसा साफ केला. बसल्या जागी पदर सावरला. आन् म्हनली,

"गडावर चढलं ढग, खाली डोलतोय भात,
गेनबारावांचं नाव घेते, डाक्टरीनबाईच्या हातात हात."

डाक्टरीनबाईनं टाळ्या वाजवल्या. म्या तोंडावर हात धरला. आक्काच्या मालकाचं नाव पांडबा. गेनबा म्हंजी आमचं हे. माझं!

आता सांगा, काय करू? डाक्टरीनबाई माझ्याकडं बगून म्हनली, "बरोबर आहे ना आजी?" न्हाई म्हनलं तर आक्का गेली पुन्याला. म्हून दात दाबून म्हनलं, "लई बराबर. झाक मानूस हुता." आक्का खाली मान घालून लाजत बसली हुती. माझ्या नवऱ्याच्या नावानं!

मंग त्या तीन वस्तू इचारल्या. आक्का म्हनली, "तुमीच ठिवायला दिल्या आन् तुमीच मागताय व्हय?" डाक्टरीनबाई हासली, पर थांबून ऱ्हायली.

"विळी," आक्का म्हनली. "आंबा." आन् थांबली.

तिसरं काय येईना. कपाळाला आठ्या घातल्या, पदराचं टोक पिळलं. मंग माझ्याकडं बगितलं. म्या कसं सांगू? तिचा चेहरा असा झाला की म्या दुसरीकडं बगाय लागले.

"ऱ्हाऊ दे बाई," ती म्हनली. "तिसरं सांडलं कुठंतरी."

\*\*\*

संपत आत आला. म्हनला, "आई, जरा चहा टाक." आवाज एवढा साधा केला की लांबनं कळावं, परीक्षा हाय म्हून.

आक्का काठी टेकत आत गेली. आमी तिघं भायेर. ग्यास पेटल्याचा आवाज आला. डबा उघडल्याचा. मंग दुसरा डबा. कपबशा लागल्याचा. संपत कान लावून बसलेला. शेवटाला खट् करून ग्यास बंद झाला, तवा त्यानं सोडलेला सुस्कारा म्या पडवीच्या ह्या टोकाला ऐकला.

ती चार कप घिऊन आली, ताटलीत, काठीबिगर. एक डाक्टरीनबाईला, एक संपतला, एक मला, एक आपल्याला.

माझं बोट उचललं हुतं कपात घालायला. पर संपत बगत हुता. म्हनला असता, काकीचाच इस्वास न्हाई. आन् चिंध्या इसरलेल्या बाईचं काय चाखायचं? म्हून उभ्या जल्मात पयल्यांदा, बोट न बुडवता, म्या चांगला मोठा घोट घेतला.

मीठ!

मीठ म्हंजी असंतसं न्हाई. आख्खी लाल चिंधी पिळल्यावानी.

म्हनलं, झालं, चुकला डबा. चारी कपात मीठ. डाक्टरीनबाईचा कप अजून हातातच, ती आक्काशी बोलत हुती. संपत बशीत वतून फुंकर घालत हुता. तो मला म्हनला, "काकी, कसा झालाय?"

तोंडात घोट तसाच. गिळला. म्हनलं, "असा चहा म्या जल्मात प्याले न्हाई."

दुसरा घोट घेतला. तिसराबी. म्हनलं, निदान माझा कप तरी रिकामा दिसू दे. संपतनं बशी वठाला लावली. म्या डोळं मिटलं.

फुर्र करून आवाज आला. मंग संपत म्हनला, "झकास. गोड जरा जास्तच हाय, पर झकास."

डाक्टरीनबाईबी प्याली. म्हनली, वा आजी, आलं घातलंय वाटतं.

म्या डोळं उघडलं आन् आक्काकडं बगितलं. आक्का गोठ्याकडं बगत आपला चहा पीत हुती. तोंडाव काय न्हाई. माशी बसली तरी हालनार न्हाई असं तोंड.

"आनखी घालू का, हौसे?" ती म्हनली.

"घाल," म्या म्हनलं. "अर्धा कप."

आत जाऊन आनलेला दुसराबी तसलाच. तोबी प्याले. माझ्या डोळ्यातनं पानी गळाय लागलं. संपतला वाटलं चहा गरम हाय, म्हनला काकी, बशीत घे. मंग उठला, आंब्याखाली गेला आन् यापाऱ्याला मोठ्यानं सांगाय लागला, न्हाई, शेळ्या द्यायच्या न्हाईत, आई हितंच ऱ्हानार हाय.

डाक्टरीनबाई आक्काच्या पाया पडली आन् निघाली. गाडी सुरू केली. तवा आक्का काठी टेकत टेकत गाडीपतुर गेली, काच खाली कराय लावली आन् वाकून म्हनली,

"बाई, ते तिसरं आठवलं. मीठ. खरं-खोटं हौसेला इचारा."

\*\*\*

काय म्हनता? मंग त्या उखान्यात माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं ते चुकून का मुद्दाम? आन् ती तांबडी शेळी?

ती बगा, ST आली. डायव्हर उतरला. आन् आक्काबी आली बगा कपबशा घिऊन. पिताय का कसं? बोट घालून बगा आदी. न्हाई? मंग जावा आता.